पॅनलच्या दारात ९२ बाय ९२ चा चौकोन

विजेच्या कंट्रोल पॅनलवर ९६ बाय ९६ मिलिमीटरचा मीटर बसवायचा तर त्याच्या दारात ९२ बाय ९२ मिलिमीटरचं चौकोनी भोक लागतं. मीटरसोबतच्या कागदावर ९२ च्या पुढे 'अधिक ०.८' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. म्हणजे ९२ पेक्षा कमी चालत नाही, आणि ९२.८ च्या वर गेलं की मागच्या क्लिपांना धरायला काठ पुरत नाही. चौकट ९६ ची आणि भोक ९२ चं, म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त दोन मिलिमीटर झाकलं जाणार. त्याच्या बाहेर गेलेला ओरखडा पॅनल भंगारात जाईपर्यंत दिसत राहतो. जिगसॉ म्हणजे पातं वर-खाली करणारी हातातली विजेची करवत. तिने पत्रा कापणं अवघड नाही. अवघड आहे ते या दोन मिलिमीटरांत राहणं.

दार होतं १६ गेजच्या सीआरसीए (कोल्ड रोल्ड, साध्या पोलादाच्या) पत्र्याचं, म्हणजे १.६ मिलिमीटर, वरून पावडर कोटिंग. कारखान्यात अशी भोकं पंचिंगवर नाहीतर लेझरवर पडतात. पॅनल साइटवर उभं राहिल्यावर कुणाला आणखी एक मीटर हवासा वाटला, की काम जिगसॉवर येतं. चार इंची ग्राइंडरने दोन मिनिटांत भोक पाडणारे आहेत. पण चाक गोल असल्यामुळे कोपरा आरपार तुटेपर्यंत चिरेचं टोक कोपऱ्याच्या पुढे जातंच, आणि ते चौकटीखाली लपत नाही. ठिणग्यांनी रंग करपतो तो वेगळाच.

१९४६ साली स्वित्झर्लंडमधल्या झोलोथुर्नला, सिंटिला कंपनीतल्या अल्बर्ट काउफमान यांनी शिलाई मशीनच्या सुईच्या जागी करवतीचं पातं लावलं, तिथून हातातली जिगसॉ आली. ही गोष्ट लक्षात ठेवली तर मशीन कसं धरायचं ते आपोआप कळतं. शिलाई मशीनचा दाबपाय कापड दाबून धरतो म्हणून टाका नीट पडतो. जिगसॉचा दाबपाय म्हणजे तिची बेसप्लेट. फरक इतकाच की इथे दाबण्याचं काम आपल्या हाताचं. नेहमीच्या ब्लेडचे दात वर तोंड करून असतात, ते वर येताना कापतात आणि प्रत्येक फेरीत पत्र्याला वर ओढतात. बेस पत्र्यावर घट्ट बसलेला नसेल तर पत्रा ब्लेडबरोबर वर-खाली नाचतो, कापणं थांबतं आणि नुसता खडखडाट उरतो. दात तुटणं, ब्लेड वाकणं, रेघ सोडून भरकटणं, यांतलं बहुतेक त्या खडखडाटातूनच येतं.

म्हणून दार जागेवर ठेवून कापायच्या फंदात पडलो नाही. बिजागरीच्या पिना काढून दार उतरवलं. तसं करायच्या आधी पॅनलचा सप्लाय बंद, आयसोलेटरला (मुख्य स्विचला) कुलूप, आणि मल्टिमीटरने तिन्ही फेज तपासून मग दारावरच्या वायरी सोडल्या. दार जागेवरच उभं ठेवून कापलं तर चुरा खाली कॉन्टॅक्टरवर (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) आणि ड्राइव्हवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रावर) पडतो. ड्राइव्हचा पंखा तो आत खेचतो, आणि मग आठवड्याभराने कार्ड का गेलं याचा शोध सुरू होतो. दार उतरवणं शक्यच नसेल तर मागे जाड प्लॅस्टिक चौकटीला टेपने चिकटवून त्याची झोळी करावी आणि खालच्या सगळ्या सामानावर ओलसर नाही, कोरडं कापड पसरावं.

दार पालथं घालून आधी मागची बाजू पाहिली. ताणपट्टी, वायरिंगचं चॅनेल, अर्थचा स्टड, गॅस्केटची खाच, यातलं काही रेघेच्या आड येतंय का? ९२ मिलिमीटर एकूण लांबीचं साधं ब्लेडही पत्र्याच्या खाली पाच-सहा सेंटिमीटर उतरतं. समोरून रेघ मारून कापत जावं आणि मागे ताणपट्टीवर ब्लेड धडकावं, हा प्रकार पहिल्यांदा कापणाऱ्याच्या हातून हमखास होतो.

आता ब्लेड. एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाच्या) पत्र्यासाठी तीन नंबर जवळ असले की झालं. टी११८जी: दातांमधलं अंतर ०.७ मिलिमीटर, अर्धा ते दीड मिलिमीटर पत्र्यासाठी. टी११८ए: अंतर १.२, एक ते तीन मिलिमीटरसाठी. टी११८बी: अंतर साधारण दोन, अडीच ते सहा मिलिमीटरसाठी. पुढे एफ असेल, जसं टी११८एएफ, तर ते बायमेटल. दात हायस्पीड स्टीलचे आणि पाठ लवचिक पोलादाची, त्यामुळे अडकलं तर वाकतं, चटकन तुटत नाही. किंमत जास्त पडते, पण साइटवर मी बायमेटलच नेतो. दांडा निळा असेल तर धातूचं ब्लेड आणि करडा असेल तर लाकडाचं, ही खूण पुष्कळ कंपन्या पाळतात. लाकडाचं ब्लेड पोलादावर चालवलं तर काही सेंटिमीटरमध्येच दात निळे पडून गुळगुळीत होतात. ते साध्या कार्बन स्टीलचं असतं आणि तेवढ्या उष्णतेत त्याचं पाणी उतरतं.

जुने फिटर सांगतात की पत्र्याच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असायला हवेत. हॅकसॉला हा नियम पक्का लागू आहे. जिगसॉत १.६ मिलिमीटर पत्र्यावर टी११८ए लावलं तर हिशेबाने एक किंवा दोनच दात आत असतात. तरीही चालतं, पण एका अटीवर: पत्रा हलता कामा नये. हलला की कडा दोन दातांच्या मधल्या खाचेत घुसते आणि पुढचा दात मुळापासून उडतो. ब्लेडवर एकाच ठिकाणी सलग तीन-चार दात गायब दिसले तर ब्लेडला दोष देण्याआधी पत्र्याखाली काय होतं ते बघावं.

पत्र्याखाली होतं ६ मिलिमीटर प्लाय. १५० बाय १५० चा तुकडा, दोन बाजूंची टेप लावून भोकाच्या जागेवर मागून चिकटवलेला, आणि रेघेच्या बाहेरच्या चार टोकांना सी-क्लॅम्प. हे प्लाय कापून टाकण्यासाठीच असतं, ब्लेड पत्रा आणि प्लाय एकदमच कापतं. थोडा वेळ जास्त लागतो, पण थरथर जवळजवळ संपते. शेवटची बाजू तुटताना मधला चौकोन खाली लोंबून ब्लेड चिमटत नाही, तो प्लायला चिकटून राहतो. २२ गेज किंवा त्याहून पातळ पत्रा असेल तर वरूनही ३ मिलिमीटर प्लाय लावून सँडविच करावं आणि रेघ त्या वरच्या प्लायवर मारावी. सगळ्याखाली दोन रिपा, रेघेपासून तीन-चार सेंटिमीटरवर, ब्लेडला खाली उतरायला जागा ठेवून.

दार सुलटं करून समोरच्या बाजूवर रुंद मास्किंग टेप लावला, रेघेच्या दोन्ही अंगांना बेसप्लेट फिरेल तेवढ्या सगळ्या भागावर. ब्लेड वर येताना कापतं म्हणून बर (कापलेल्या कडेला उठणारी खरखरीत धार) आणि रंगाचे टवके वरच्याच बाजूला निघतात, टेप ते धरून ठेवतो. बेसप्लेटलाही खालून टेप लावला. तिच्याखाली एक कण अडकला तरी तो पुढच्या अर्धा फुटावर रंगात चर पाडत जातो. बेसप्लेटवर बसणारा प्लॅस्टिकचा शू असेल तर तोही चढवावा, पण कण त्यातही रुततो, म्हणून दर बाजूनंतर मशीन उचलून हात फिरवलेलाच बरा.

मार्किंग मधल्या उभ्या-आडव्या रेघेपासून घेतलं, दाराच्या कडेपासून नाही. दाराची कड वाकवलेली असते आणि ती गुण्यात असेलच असं नाही. मधून दोन्ही बाजूंना ४६-४६. चारी रेघा स्क्राइबरने टेपमधून पत्र्यापर्यंत ओढल्या. तेल लागलं की पेनाची रेघ पुसते आणि टेप सुटतो, ओरखड्याची रेघ मात्र राहते, आणि ती शेवटी कानसीखाली जाणारच असते. कर्ण मोजले: ९२ च्या चौकोनाचा कर्ण १३०.१ मिलिमीटर. दोन कर्णांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर मार्किंग पुन्हा करावं.

कोपऱ्यात जिगसॉ वळत नाही. ब्लेड सात-आठ मिलिमीटर रुंद, ते काटकोनात कसं वळेल? म्हणून चारी कोपऱ्यांत १० मिलिमीटरची भोकं. मध्यबिंदू दोन्ही रेघांपासून ६ मिलिमीटर आत, म्हणजे भोकाची कड रेघेच्या एक मिलिमीटर आत थांबते. आधी सेंटर पंच, मग ४ चं, मग १० चं. पातळ पत्र्यावर १० चं ड्रिल सुटं चालवलं तर ते आरपार जाताना पत्रा पकडतं आणि भोक तिकोनी होतं. खाली प्लाय असल्यामुळे तो त्रास वाचला. प्लाय लावायच्या आधीच भोकं पाडायची असतील तर स्टेप ड्रिल उत्तम.

ऑर्बिटल म्हणजे पेंड्युलमचा खटका शून्यावर. ब्लेडला पुढे-मागे झोके देणारी ही सोय लाकडासाठी आहे, पोलादात ती दातांवर हातोडा मारते. चुरा उडवणारा ब्लोअर बंद, नाहीतर तेल आणि धातूचे कण थेट तोंडावर येतात. वेगाचा डायल सहापैकी ३ वर. ब्लेडच्या पाठीमागचा रोलर पाठीला टेकलेला हवा, तो फिरतोय ना ते बोटाने पाहून तेलाचा एक थेंब सोडला. बेसप्लेट ९० अंशांत आहे का, ते ब्लेडला गुण्या लावून पाहिलं. खाचेच्या खुणेवर विसंबू नये.

ब्लेड भोकात सोडायचं, बेस सपाट दाबायचा, ब्लेड कुठेही टेकत नाही याची खात्री करायची आणि मगच खटका दाबायचा. दात पत्र्याला टेकलेले असताना सुरू केलं तर पहिल्याच फटक्यात मशीन उडी मारतं. रेघेच्या आतून, अर्धा मिलिमीटर सोडून कापत गेलो. चीर मिलिमीटरहून थोडी रुंद पडते, म्हणून ब्लेड पूर्णपणे टाकाऊ बाजूला राहिलं पाहिजे. जोर कुठे द्यायचा हे इथे महत्त्वाचं: खाली भरपूर, पुढे थोडाच. पुढे ढकललं की ब्लेड मागे वाकतं, आणि वाकलेलं ब्लेड तिरकं कापतं. वरून रेघ बरोबर दिसते, पालथं घातल्यावर दोन मिलिमीटर सरकलेली सापडते. नीट चाललं असलं की एकसारखी घरघर येते आणि चुरा बारीक, करडा, चमकदार निघतो. चुरा निळसर झाला तर वेग जास्त आहे. नुसती काळी पूड येत असेल तर ब्लेड कापत नाही, घासतंय. आवाज फाटला तर थांबून क्लॅम्प बघावा.

तेल म्हणून मेणबत्ती घेतली. चालू नसलेल्या ब्लेडवर दोन्ही अंगांनी घासायची, दर बाजूच्या आधी एकदा. १.६ मिलिमीटरला एवढं पुरतं आणि टेपही सुटत नाही. तीन मिलिमीटरच्या वर मात्र ब्रशने कटिंग ऑइल लावावं. एक बाजू अर्ध्या ते पाऊण मिनिटाची. भोकापर्यंत पोहोचल्यावर खटका सोडायचा, ब्लेड पूर्ण थांबू द्यायचं आणि मगच मशीन उचलायचं. चालत्या मशीनला उचललं तर ब्लेडचं टोक चिरेबाहेर येऊन पत्र्यावर आपटतं. पावडर कोटिंगवर टिंबांची ओळ उठते आणि ब्लेडही वाकतं.

एक गोष्ट कुठल्या पाकिटावर छापलेली नसते. ब्लेडला दात ६७ मिलिमीटर लांबीवर आहेत, मशीनचा स्ट्रोक असतो १८ ते २६ मिलिमीटर. पातळ पत्र्यात त्यामुळे वरचे वीस-पंचवीस मिलिमीटरचे दातच कापतात, तेवढेच झिजतात, आणि खालचे कोरे राहून ब्लेड कचऱ्यात जातं. सरळ रेघ असेल तर बेसच्या खाली २० मिलिमीटर प्लायचा तुकडा लावावा, म्हणजे मशीन उचललं जाऊन खालचे ताजे दात कामाला येतात. एकाच ब्लेडमध्ये दोन ब्लेडांचं काम होतं. मात्र वक्र रेघेला हे करू नये, एवढ्या लांब सुट्या ब्लेडला वळण सांभाळत नाही.

चारही बाजू तुटल्यावर प्लाय सोडवलं. उरलेला अर्धा मिलिमीटर आणि कोपऱ्यांतलं मांस दहा इंची सपाट कानसीने. आधी बास्टर्ड म्हणजे जाड दातांची, मग सेकंड कट म्हणजे त्याहून बारीक. कानस बाहेरून आत, म्हणजे पुढच्या बाजूकडून मागे ढकलायची. उलट केलं तर रंगाचा टवका समोर उडतो. कोपऱ्यांना एक बाजू गुळगुळीत असलेली कानस घेतली, नाहीतर एक कड कापताना शेजारची कडही खाल्ली जाते. व्हर्नियर ९२.३ आणि ९२.४ दाखवत होता. तेव्हा मीटर लावून पाहिला, तो बोटाच्या दाबाने आत गेला. कड बोट कापेल अशी असते. मीटरच्या वायरी तिथूनच जातात, म्हणून मागून बर काढणं शोभेसाठी नसतं. उघड्या कडेला आधी रेड ऑक्साइड, वाळल्यावर दाराच्या रंगाचा इनॅमल, बारीक ब्रशने. हे टाळलं तर दमट जागी वर्षभरात चौकटीखालून गंजाचे ओघळ येतात.

स्टेनलेसचं भोक असतं तर बरंच काही बदललं असतं. ३०४ ग्रेडचा दीड-दोन मिलिमीटर पत्रा कापताना डायल १ किंवा २ वर, दाब ठाम आणि सलग, कटिंग ऑइल भरपूर. दात घासत राहिले आणि कापले नाहीत तर स्टेनलेस तिथल्या तिथे कडक होतं, मग त्या जागी नवं ब्लेडही घसरतं. तसं झालं तर हट्ट न करता दुसऱ्या टोकाकडून कापत यावं. २०२ चा पत्रा स्वस्त म्हणून घेतात, पण तो याहून लवकर कडक होतो. बायमेटल किंवा कार्बाइड दातांचंच ब्लेड लावावं, आणि एमएसवर वापरलेलं ब्लेड व कानस स्टेनलेसला लावू नये. लोखंडाचे कण कडेत रुततात आणि महिन्याभरात 'स्टेनलेसला गंज आला' अशी तक्रार येते.

ॲल्युमिनियम उलट स्वभावाचं. मऊ आहे, पण चिकटतं. बारीक दातांच्या खाचा क्षणात भरतात आणि ब्लेड गुळगुळीत पट्टी बनतं. तिथे तीन मिलिमीटर अंतराच्या दातांचं टी१२७डी, तीन ते पंधरा मिलिमीटर जाडीपर्यंत. वेग मध्यम, आणि जाड प्लेट असेल तर पेंड्युलम १ वर चालतो. मेण किंवा थोडं रॉकेल लावतात. रॉकेल लावलंच तर फडक्याने पुसटसं, कारण जिगसॉच्या मोटरमध्ये कार्बन ब्रशच्या ठिणग्या असतात. भरलेले दात पितळी ब्रशने साफ होतात.

पॅनलपेक्षा जाड पत्रा, म्हणजे सहा मिलिमीटरच्या पुढचं पोलाद, जिगसॉ कापते, पण तासभर हात बधिर करून घेण्यापेक्षा गॅसकटर किंवा फॅब्रिकेटरकडे लेझर परवडतो. पातळ टोकाला २४ गेजची सरळ रेघ कातरीने जास्त साफ येते. पुश बटणाची २२.५ ची गोल भोकं होल सॉने किंवा पंचने पाडावीत, त्यात जिगसॉ घालूच नये.

या सगळ्यात गॉगल एकदाही उतरवला नाही. धातूचा चुरा सुयांसारखा असतो, डोळ्यात गेला तर चोळल्यावर रुततो. कानात प्लग, कारण मोकळा पत्रा भोंग्यासारखा वाजतो. पत्रा उचलताना हातमोजे. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) असलेलाच पॉइंट घेतला.

चुरा गोळा करायला मोठं चुंबक उलट्या प्लॅस्टिक पिशवीत धरून सगळीकडे फिरवलं, मग पिशवी सुलटी करून तोंड बांधलं. एमएसला हे चालतं. ॲल्युमिनियम आणि ३०४ चुंबकाला दाद देत नाहीत, त्यांना व्हॅक्यूमच लागतो. फुंकणी मारायची ती जिगसॉच्या झरोक्यांत, पॅनलपासून लांब जाऊन. आत साचलेली लोखंडाची पूड मोटरच्या इन्सुलेशनला खाते. पॅनलमध्ये मात्र फुंकर कधीच मारू नये, चुरा कॉन्टॅक्टरच्या आत जातो.

दार पिनांवर चढवताना मीटरच्या आधी हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर जोडली. स्टडखालचा रंग खरवडून, स्टार वॉशर घालून. मग मल्टिमीटरने दार ते मुख्य अर्थपट्टी कंटिन्युइटी पाहिली, क्लिपा आवळल्या आणि शेवटी टेप सोलला.